अंडाशयाच्या संशयास्पद गाठीचं पहिलं ऑपरेशन: मूल होण्याची शक्यता राखायची असेल तर कोणत्या क्रमाने काय करायचं

इंदूरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीवर नमुने घ्यायचं काम मी बरीच वर्षं केलं. तिथे येणाऱ्या बरण्या आणि त्यांच्यासोबतच्या फॉर्मवरून एक गोष्ट पक्की कळली. तरुण मुलीची गर्भपिशवी आणि दुसरं अंडाशय वाचणार की नाही, हे पुष्कळदा कॅन्सर हॉस्पिटलात पोचायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. सोनोग्राफीत 'सिस्ट' लिहून येतं, घरची माणसं जवळच्या नर्सिंग होमात जातात, दुर्बिणीतून गाठ फोडून काढली जाते आणि दहा दिवसांनी रिपोर्टात कर्करोग निघतो. मग धावाधाव.

कर्करोग एकाच अंडाशयापुरता असेल आणि बाईला पुढे मूल हवं असेल, तर तेवढं अंडाशय आणि त्या बाजूची नळी काढून गर्भपिशवी व दुसरं अंडाशय ठेवणं हा मान्य उपचार आहे. मात्र गाठ अखंड बाहेर यावी लागते, पोटात बाकी कुठे पसरलं आहे का ते त्याच वेळी बघावं लागतं आणि गाठीचा प्रकार अचूक कळावा लागतो. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांपुढे बसण्याआधी हाताशी काय हवं आणि काय होऊ द्यायचं नाही, तेवढं इथे लिहिते.

## १. सोनोग्राफीचा कागद नीट वाचा

पाळी चालू असलेल्या वयात पातळ भिंतीची, आत फक्त पाणी असलेली छोटी सिस्ट वारंवार दिसते आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. तिच्यासाठी घाबरायचं कारण नाही. डॉक्टर सहा ते बारा आठवड्यांनी, पाळी संपल्यावर, पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतात.

सावध व्हायचं ते पुढचे शब्द दिसले तर: गाठीत घट्ट भाग आहे, कडा वेड्यावाकड्या आहेत, आतल्या भिंतीवर कोंबासारखे उंचवटे आहेत, घट्ट भागात रक्तप्रवाह जास्त आहे, पोटात पाणी आहे. पाळी सुरू व्हायच्या आधीच्या मुलीत घट्ट गाठ दिसली तर तिला 'साधी सिस्ट' म्हणून सोडू नका. अशा वेळी पुढची पायरी म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय. पोटात इतरत्र काही आहे का, यासाठी सीटी स्कॅन.

सावधान: संशय असलेल्या गाठीत सुई घालून पाणी काढून बघणं टाळा. गाठ कर्करोगाची असेल तर तिच्यातल्या पेशी पोटात सांडू शकतात, आणि पाण्याचा रिपोर्ट 'काही नाही' आला तरी त्यावर विसंबता येत नाही. पोटात साचलेलं पाणी तपासायला काढणं ही वेगळी गोष्ट आहे, ते डॉक्टर सांगतील तर करावं. आपल्याकडे पोटाच्या क्षयरोगातही पाणी साचतं आणि सीए-१२५ हा रक्तातला मार्कर, म्हणजे कर्करोगाचा सुगावा देणारा घटक, वाढतो. त्यामुळे हे दोन आजार एकमेकांचं सोंग घेतात.

## २. रक्त आधी, ऑपरेशन नंतर

ही पायरी सर्वांत जास्त चुकते. फॉर्मवर एकटं सीए-१२५ लिहिलेलं असतं. ते नॉर्मल आलं की सगळे निश्चिंत, वाढलेलं आलं की घरात रडारड. दोन्ही चूक.

सीए-१२५ एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं ऊतक बाहेर वाढण्याचा आजार), पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात आणि ओटीपोटाच्या संसर्गातही वाढतं. उलट, अगदी सुरुवातीच्या कर्करोगात ते नॉर्मल असू शकतं. शिवाय विशी-पंचविशीच्या मुलींत अंडाशयाचे जे कर्करोग दिसतात, त्यांतले बरेचसे जर्म सेल म्हणजे बीजपेशींपासून होणारे असतात आणि त्यांच्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात. म्हणून एकाच वेळी हा गट मागा:

- अल्फा फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी: योक सॅक प्रकारच्या गाठीसाठी.
- बीटा एचसीजी: काही जर्म सेल गाठींसाठी. गरोदरपण आहे का, हेही यातूनच कळतं.
- एलडीएच: डिसजर्मिनोमा या जर्म सेल गाठीत वाढतं.
- सीए-१२५, आणि गाठ मोठी व अनेक कप्प्यांची असेल तर सीईए व सीए १९-९.
- पाळीत अचानक गडबड, वयाच्या आधी छाती वाढणं, चेहऱ्यावर केस, आवाज घोगरा होणं असं काही असेल तर इनहिबिन आणि हार्मोन्स. ग्रॅन्युलोसा किंवा सर्टोली-लायडिग या हार्मोन तयार करणाऱ्या गाठी अशा दिसतात.
- एएमएच: ग्रॅन्युलोसा गाठीत हेही वाढू शकतं, पण इथे ते मुख्यतः कर्करोग शोधण्यासाठी नाही. अंडाशयात बीजांचा साठा किती आहे याचा अंदाज येतो. ऑपरेशनआधीचा आकडा पुढे फार कामाला येतो.

मध्यरात्री पोटात पीळ पडला तर: तरुण मुलींत अशी गाठ पिळवटते आणि तातडीचं ऑपरेशन करावं लागतं. तेव्हा कॅन्सर सर्जन शोधायला वेळ नसतो. एवढं मात्र सांगा, की भूल द्यायच्या आधी एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएचसाठी रक्त काढून ठेवा, आणि पोट उघडल्यावर आतलं पाणी तपासायला घ्या. रिपोर्ट नंतर आले तरी चालतील, नमुना आधीचा हवा. ते राहूनच गेलं तर ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत तरी रक्त द्या. एएफपी हळूहळू उतरतं, त्यामुळे उशिरा घेतलेल्या नमुन्यातही बहुधा माग लागतो.

## ३. कुठे आणि कोणाकडे

संशय असेल तर ऑपरेशन स्त्रीरोग-कर्करोग शल्यचिकित्सकाने करावं. तो नसेल तर निदान असं ऑपरेशन नेहमी करणाऱ्या कॅन्सर सर्जनने. इंदुरात एमवाय हॉस्पिटलच्या आवारात सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, खाजगी केंद्रंही आहेत. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये दाखवायचं तर अवंतिका एक्स्प्रेसने संध्याकाळी निघून सकाळी पोचता येतं. तिथल्या पहिल्या दिवसासाठी सगळे अहवाल, एमआरआयची सीडी आणि ओळखपत्र हातातल्या पिशवीत हवं. आयुष्मान कार्ड असेल तर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचा उपचार त्यात बसतो, मात्र बीज गोठवण्याचा खर्च त्यात धरू नका.

ठिकाण पक्कं करायच्या आधी तीन गोष्टी विचारा. ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शन, म्हणजे गाठीचा तुकडा गोठवून लगेच तपासणं, होतं का? गाठ प्लास्टिकच्या पिशवीत घालून अखंड काढता का? लॅबमध्ये बायकांच्या कर्करोगाचा अनुभव असलेला पॅथॉलॉजिस्ट आहे का? उत्तर 'बघू' असं आलं तर दुसरं ठिकाण बघा. आठ-दहा दिवसांचा उशीर बहुतेक वेळा चालतो, फुटलेली गाठ मात्र पुन्हा अखंड होत नाही.

## ४. घरातलं बोलणं आधी उरका

आपल्या घरांत मुलीच्या आजारावर आत्या, काकू, मामी सगळ्या बोलतात आणि मुलीला कुणी विचारत नाही. ती अठराच्या पुढची असेल तर सही तिची आहे. तिला मूल हवं आहे का, कधी, किती जोखीम मान्य आहे, हे डॉक्टरांनी तिला एकटीला विचारायला हवं. लग्न झालेली असेल तर नवऱ्याला सोबत घ्या. सासूबाईंना बाहेर बसू द्या.

दोन हट्ट मोडून काढावे लागतात. पहिला: 'लग्न व्हायचंय, पोटावर डाग नको, दुर्बिणीनेच करा.' गाठ मोठी असेल तर ती अखंड काढण्यासाठी आणि वरचं पोट हाताने तपासण्यासाठी उभा छेद लागू शकतो. अनुभवी हातांत छोटी गाठ दुर्बिणीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून काढता येते, पण तो निर्णय सर्जनचा असावा, लग्नाच्या अल्बमचा नव्हे. दुसरा: 'नकोच ती जोखीम, सगळं काढून टाका.' पहिल्या टप्प्यातल्या योग्य गाठीत दुसरं अंडाशय आणि गर्भपिशवी काढून फार काही पदरात पडत नाही. पाळी मात्र विशीत जाते, आणि हाडं व हृदय यांची काळजी आयुष्यभर मागे लागते.

एक गैरसमज इथेच दूर करते. एक अंडाशय राहिलं म्हणजे पाळी एक महिना आड येते असं नाही. बहुतेक बायकांना पूर्वीसारखीच दर महिन्याला येते आणि दिवसही राहू शकतात.

## ५. संमतिपत्रकावर काय लिहिलंय ते बघा

इंदुरात फॉर्म हिंदीत किंवा इंग्रजीत असतो. सही करायच्या आधी एक ओळ शोधा: 'बच्चेदानी एवं दोनों अंडाशय निकालना', किंवा नुसतं 'टीएएच विथ बीएसओ'. त्याचा अर्थ गर्भपिशवी आणि दोन्ही बाजूंची अंडाशयं व नळ्या. छापील फॉर्मवर ही ओळ आयती असते आणि घाईत कुणी वाचत नाही.

तिथे हाताने लिहून घ्या: 'फक्त संशयास्पद बाजूचं अंडाशय व नळी काढावी. फ्रोझनचा निकाल स्पष्ट नसेल तर गर्भपिशवी व दुसरं अंडाशय ठेवून अंतिम रिपोर्टची वाट बघावी. गरज पडल्यास दुसरं ऑपरेशन मान्य.' सर्जनची सही त्याखाली हवी. दोन्ही अंडाशयांत रोग दिसला तर काय करायचं, तेही आधीच बोलून ठेवा. तशा स्थितीत काही वेळा दोन्ही अंडाशयं काढूनही पिशवी ठेवता येते. मग दुसऱ्या बाईच्या स्त्रीबीजावर गर्भधारणा शक्य असते.

तपासा: फॉर्मची प्रत तुमच्याकडे आहे? ती थिएटरच्या बाहेर बसलेल्या माणसाजवळ हवी.

## ६. टेबलावर काय होतं, कोणत्या क्रमाने

आपण आत नसतो, पण क्रम माहीत असला की नंतर ऑपरेशनची नोंद वाचता येते.

पोट उघडल्यावर सर्वांत आधी आतलं पाणी घेतात. पाणी नसेल तर सलाईन सोडून ते पुन्हा ओढून घेतात. हे गाठीला हात लावायच्या आधी व्हायला हवं. मग दुसरं अंडाशय, आतड्यांवरचा पडदा, यकृताचा पृष्ठभाग, डायफ्रॅम (छाती व पोटामधला पडदा), अपेंडिक्स सगळं नजरेखालून जातं. नंतर रोगी बाजूचं अंडाशय आणि नळी एकसंध काढून फ्रोझनला पाठवतात. तिकडून निकाल येईपर्यंत सर्जन थांबतो. कर्करोग म्हणून निकाल आला तर ओमेंटम, म्हणजे आतड्यांवर पसरलेला चरबीचा पदर, काढतात. पोटाच्या अस्तराचे निरनिराळ्या ठिकाणचे तुकडे घेतात. लसिका गाठी किती काढायच्या हे प्रकारावर ठरतं. जर्म सेल गाठीत सुजलेल्या दिसतील तेवढ्याच काढतात. अपेंडिक्स खराब दिसलं तर तेही काढतात, विशेषतः म्युसिनस, म्हणजे बुळबुळीत द्रव तयार करणाऱ्या गाठीत. एंडोमेट्रिऑइड, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारख्या पेशींचा प्रकार असेल तर गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा नमुना लागतोच, कारण तिथे दुसरा कर्करोग सोबत असू शकतो.

नको ते: निरोगी दिसणाऱ्या दुसऱ्या अंडाशयाचा 'सहज म्हणून' तुकडा घेणं. त्याने बीजांचा साठा कमी होतो, आतले भाग एकमेकांना चिकटतात आणि जे वाचवायचं तेच बिघडतं.

फुटण्याला इतकं महत्त्व का, ते टप्प्यांवरून कळतं. फिगो या आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग संघटनेच्या २०१४च्या वर्गीकरणात रोग एका अंडाशयात, कवच अखंड, पोटातलं पाणी स्वच्छ असेल तर टप्पा १ए. तीच गाठ ऑपरेशनमध्ये फुटली तर १सी१. आधीच फुटलेली असेल किंवा पृष्ठभागावर रोग असेल तर १सी२, पाण्यात पेशी सापडल्या तर १सी३. ज्या मुलीचं काम ऑपरेशनवरच भागलं असतं, तिच्या बाबतीत केमोचा विषय निघतो तो पुष्कळदा एवढ्याने.

फ्रोझनच्या मर्यादाही लक्षात घ्या. मोठ्या म्युसिनस गाठीत एका तुकड्यात बॉर्डरलाइन (साधी गाठ आणि कर्करोग यांच्या मधली) दिसतं आणि शेजारच्या इंचात कर्करोग असतो. म्हणून फ्रोझनवर भरवसा ठेवून पिशवी काढू नये, आणि फ्रोझन चांगलं आलं म्हणून पेढेही वाटू नयेत.

## ७. बरणी लॅबपर्यंत कशी जाते

हे माझ्या खिडकीवरचं. छोट्या हॉस्पिटलांत गाठ नातेवाइकांच्या हातात देतात: 'जाऊन लॅबमध्ये द्या.' स्कूटरच्या हुकला टांगलेल्या पिशवीत लोणच्याची रिकामी बरणी, तिच्यात कोंबलेली गाठ, वर सलाईन, झाकणाला चिकटपट्टी. असे नमुने मी घेतलेत. सलाईनमध्ये ऊतक सडतं. तोंड अरुंद असेल तर आत घालताना गाठ दाबली जाते आणि बाहेर काढताना फाटते. मग कवच पोटात फुटलं की बरणीत, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही, आणि टप्पा त्यावरच ठरतो.

- रुंद तोंडाचं भांडं, १० टक्के फॉर्मॅलिन, गाठीच्या सुमारे दहापट. फ्रोझनसाठी जाणारा नमुना मात्र ताजा, बिनफॉर्मॅलिनचा आणि लगेच.
- गाठ कापलेली नको. 'अर्धी या लॅबला, अर्धी त्या लॅबला' तर अजिबात नको. दुसरं मत ब्लॉकवरून, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्यांवरून, घेता येतं.
- प्रत्येक भांड्यावर नाव आणि कुठला भाग ते. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात.
- फॉर्मवर वय, पुढे मूल हवं आहे ही नोंद, मार्करचे आकडे, आणि गाठ फुटली का व कधी.

## ८. रिपोर्ट, आणि त्याहून महत्त्वाचे ब्लॉक

अंतिम रिपोर्टाला आठवडा-दोन आठवडे लागतात, पेशी ओळखायला खास रंग द्यावे लागले तर जास्त. घाई करू नका. रिपोर्टात प्रकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात), कवचाची स्थिती आणि पाण्याचा निकाल हे चारही हवेत. ऑपरेशनची नोंद वेगळी मागा. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळी पुरत नाहीत.

मग ब्लॉक आणि स्लाइड घेऊन दुसऱ्या, याच विषयातल्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या. अंडाशयाच्या गाठींत प्रकार बदलला की सगळा उपचार बदलतो, म्हणून हा खर्च टाळू नका. ब्लॉक मेणाचे असतात. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत ते मऊ पडलेले असतील. हातातल्या पिशवीत ठेवा.

ढोबळमानाने निर्णय असा होतो. बॉर्डरलाइन गाठीत अंडाशय वाचवणं सर्वमान्य आहे. जर्म सेल गाठीत तर रोग पसरलेला असला तरी पिशवी आणि दुसरं अंडाशय बहुधा ठेवतात, कारण बीईपी या तीन औषधांच्या केमोला त्या छान दाद देतात. पहिल्या टप्प्यात ९० टक्क्यांहून अधिक मुली बऱ्या होतात. डिसजर्मिनोमा १ए आणि ग्रेड १चा इमॅच्युअर टेराटोमा १ए यांत ऑपरेशननंतर नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. एपिथेलियल, म्हणजे अंडाशयाच्या आवरणासारख्या पेशींच्या प्रकारात कमी ग्रेडचा १ए आणि १सी१ यांत वाचवणं ठीक मानतात. १सी२, १सी३, उच्च ग्रेड आणि क्लिअर सेल हा प्रकार यांत जोखीम वाढते. तिथे ट्यूमर बोर्डाचं, म्हणजे निरनिराळ्या तज्ज्ञांच्या बैठकीचं, मत लेखी घ्या. पहिल्या टप्प्याच्या पुढचा एपिथेलियल कर्करोग असेल तर हा मार्ग सुचवला जात नाही, आणि कुणी सुचवला तर कारण विचारा.

म्युसिनस सोडून इतर एपिथेलियल कर्करोगांत बीआरसीए या आनुवंशिक धोका वाढवणाऱ्या जनुकांची तपासणी करून घ्या. जनुकात दोष निघाला तर मागे ठेवलेल्या अंडाशयाबद्दल पुन्हा बसून बोलावं लागतं. बहिणींनाही ते कळायला हवं.

आधीच अपुरं ऑपरेशन झालं असेल तर: सगळं संपलं असं नाही. ब्लॉक परत तपासून, सीटी करून, गरज वाटली तर दुसऱ्या ऑपरेशनात राहिलेली तपासणी पूर्ण करतात, पिशवी ठेवूनच. पण आठवडे वाया घालवू नका.

## ९. केमो लागणार असेल तर

केमो सुरू व्हायच्या आधी फर्टिलिटी तज्ज्ञाची भेट हवी. 'केमो संपल्यावर बघू' हे उत्तर उशिराचं. उरलेल्या अंडाशयातून स्त्रीबीजं काढून गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पाळीची वाट बघावी लागत नाही. यासाठी लग्न झालेलं असण्याची अट नाही. मात्र २०२१च्या एआरटी, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या कायद्यात बाईचं वय २१ ते ५० मध्ये असायला हवं आणि साठवण जास्तीत जास्त १० वर्षं. मुलगी एकोणीसची असेल तर नियम आधी विचारा.

बीजं काढायची सुई कुठून घालायची, हे कॅन्सर सर्जन आणि फर्टिलिटी डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ठरवावं. तुमच्यामार्फत निरोप नकोत. अंडाशयाचा तुकडा गोठवून नंतर परत बसवणं हा उपाय स्तनाच्या वगैरे कर्करोगात ऐकला असेल. इथे त्या तुकड्यासोबत रोगच परत जाण्याचा धोका असतो.

केमो चालू असताना गर्भ राहू देऊ नका. पाळी थांबली तरी साधन वापरा. बीईपीनंतर बहुतेक मुलींची पाळी काही महिन्यांत परत येते.

## १०. पुढची तपासणी आणि बाळ

पहिली दोन वर्षं साधारण दर तीन-चार महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी: अंगतपासणी, सोनोग्राफी आणि सुरुवातीला जे मार्कर वाढले होते तेच. दर वेळी नवी लॅब नको, आकडे एका पद्धतीचे असले तरच तुलना होते.

केमो झाला असेल तर निदान सहा महिने ते वर्ष थांबा. काही डॉक्टर पहिली दोन वर्षं उलटू द्यायला सांगतात, कारण रोग परत येण्याची भीती तेव्हा जास्त असते. दिवस राहिले की प्रसूतीच्या डॉक्टरांना ऑपरेशनची नोंद आणि मार्करचा तक्ता द्या. गरोदरपणात एएफपी, बीटा एचसीजी आणि सीए-१२५ आपसूक वाढतात. जुना आजार माहीत नसलेल्या लॅबने पाठवलेला लाल अक्षरातला आकडा बघून रात्रभर जागण्याचं कारण नाही. कॅन्सर सर्जनला फोन करून विचारा. त्या नऊ महिन्यांत भर सोनोग्राफीवर असतो.

मुलं झाल्यावर उरलेलं अंडाशय काढायचं का, हा प्रश्न एपिथेलियल प्रकारात निघतो. जर्म सेलमध्ये त्याची गरज नसते, बॉर्डरलाइनमध्येही सक्ती नाही. सिझेरियन ठरलं असेल तर आधीच कॅन्सर सर्जनला विचारा, त्याच वेळी पोट आतून बघून घेता येतं.